घरभेटीला येणाऱ्या ताई बाळाच्या खाण्याबद्दल नेमकं काय विचारतात?

वाटीचमचा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आशाताई किंवा अंगणवाडीच्या ताई तान्ह्या बाळाच्या घरी येतात तेव्हा वजन, लस, ताप, जुलाब हे सगळं नीट विचारलं जातं. खाण्याची पाळी आली की प्रश्न एकच, "वरचं चालू केलं ना?" आई म्हणते हो, ताई बरोबरची खूण करतात, चला पुढच्या घरी. त्या एका 'हो'च्या पोटात काय काय दडलेलं असतं, त्यासाठी हा धागा.

मी आहारशास्त्र शिकले, नोकरी मात्र भलतीकडेच करते. सुट्टीच्या दिवशी ठाण्यातल्या लोकमान्यनगर-वागळे पट्ट्यात ओळखीच्या एका आशाताईंबरोबर घरभेटींना जाते. त्यांना विचारूनच लिहितेय, आणि कोणाचं घर ओळखू येईल असं काही लिहीत नाही.

परवाचं एक घर. बाळ नऊ महिन्यांचं. आई घरीच केसांच्या क्लिपा जोडायचं काम करते, सगळ्या खोलीभर त्याच पसरलेल्या. नेहमीच्या प्रश्नाला नेहमीचं उत्तर मिळालं, "हो, सगळं खातो." मग आमच्या ताईंनी तिथेच बैठक मारली, क्लिपांची पिशवी पुढे ओढली आणि हात चालवता चालवता म्हणाल्या, "काल सकाळी उठल्यापासून सांग. डोळे उघडल्यावर पहिलं काय गेलं पोटात?" मग निघालं: बशीतला चहा आणि त्यात भिजवलेली खारी. अंगावरचं दूध. दुपारी वरणाचं वरचं पाणी, दोन पळ्या. मोठ्या भावाच्या पाच रुपयांच्या पाकिटातले चार तुकडे, कारण तो रडत होता. संध्याकाळी अर्धं केळं. रात्री दूधभात, तोही तिसऱ्या घासाला थुंकला. मध्ये मध्ये पुन्हा अंगावरचं.

खोटं कोणीच बोललं नव्हतं. बाळ खरंच "सगळं" खात होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात ६ ते २३ महिन्यांच्या बाळाच्या खाण्याचे आठ गट धरतात. आईचं दूध, धान्य आणि कंद, डाळी-दाणे, दूधदुभतं, मासे-मटण, अंडी, अ जीवनसत्त्वाची फळं-भाज्या (गाजर, लाल भोपळा, पालेभाजी, पिकलेला आंबा), आणि उरलेली फळं-भाज्या. गेल्या २४ तासांत यातले निदान पाच पोटात जावेत. वरच्या बाळाचे चार भरतात: आईचं दूध, धान्य, दूधभातातलं दूध, केळं. वरणाच्या पाण्याला डाळ म्हणत नाहीत. तेच वरण खालून ढवळून घट्ट घातलं असतं तर पाच झाले असते. खर्च शून्य, स्वयंपाकही तोच.

वजनाच्या तक्त्यावर हे बाळ अजून हिरव्यात आहे, म्हणून फाइलला सगळं आलबेल. खाणं बिघडतं आधी आणि वजनाची रेघ आडवी होते नंतर. रेघ आडवी होईपर्यंत थांबायचं असेल तर घरी जायचंच कशाला, असा माझा सरळ प्रश्न आहे.

तुमच्याकडे कोणी येतं का? काय विचारतात? आणि तुम्ही स्वतः हे काम करत असाल तर मनमोकळं लिहा.


नाइटशिफ्ट

घणसोली. मुलगी सात महिन्यांची. आजवर आमच्याकडे कोणी आलेलं नाही. टॉवर आहे, खाली ॲपवर नाव टाकल्याशिवाय चिटपाखरू वर येत नाही. सरकारी घरभेट ही गावाकडची भानगड असं मी समजत होतो. शहरात पण असते का? आणि आमच्यासारख्यांसाठी असते का?

बाकी ते वरणाचं पाणी वाचून बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती.


गटप्रवर्तक_ताई

@नाइटशिफ्ट दादा, शहरातही असते. २०१३ ला राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आलं तेव्हा शहरात आशा नेमायचं ठरलं, पण त्या मुख्यतः वस्त्यांसाठी. एका आशाकडे साधारण २०० ते ५०० कुटुंबं धरलेली असतात. टॉवर यादीत बहुतेक नसतातच. तरी तुमच्या जवळच्या अंगणवाडीत बाळाचं नाव घालता येतं, त्यासाठी गरीब असावं लागत नाही.

आता भेटींचं वेळापत्रक सांगते, कारण धाग्यात ते आलेलं नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं असेल तर पहिला दिवस जास्तीचा. हे २०११ पासून देशभर आहे, आणि त्याचं मूळ आपल्या गडचिरोलीत, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामात. नंतर २०१८ मध्ये लहान बाळांच्या भेटी आल्या: ३, ६, ९, १२ आणि १५ महिने. या पाच भेटी खाण्यासाठीच आहेत म्हटलं तरी चालेल. वजन अंगणवाडी सेविका करते, आशाने कार्डावरची रेघ बघायची आणि खाण्याचं समजावायचं.

एका भेटीचा मोबदला ५० रुपये ठरला. धागाकर्त्या ताई म्हणतात तशी बैठक मारून "काल उठल्यापासून सांग" विचारायला वीस मिनिटं सहज जातात. त्यात लसीकरणाचं सत्र, क्षयरोगाचा सर्व्हे, डेंग्यूचा सर्व्हे, आभा कार्ड (सरकारी आरोग्य ओळखपत्र), आणखी कुठला सर्व्हे. गटप्रवर्तक म्हणून आशांच्या कामावर लक्ष ठेवणं माझं काम, पण मी त्यांना ओरडू शकत नाही. माझ्या स्वतःच्याने झालं नसतं.


सुनबाई_वैतागली

मला हा सगळा प्रकार खटकतो, स्पष्ट बोलते.

बाळ झाल्यापासून मला सासूबाई विचारतात काय दिलं. आई फोनवर विचारते काय दिलं. डॉक्टर विचारतात. लिफ्टमधल्या काकू विचारतात, "बारीक दिसतोय गं!" आता सरकारही विचारणार. हेतू चांगला असेल, पण प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी आईचीच परीक्षा असते आणि आईच नापास होते. "पाचपैकी चार गट" म्हणजे अजून एक गुणपत्रिका. बशीतला चहा बाळाला आईनेच पाजला कशावरून? आजोबांनी पाजला नसेल? बापाला कोणी विचारलं का?


वाटीचमचा

@सुनबाई_वैतागली, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. चहा आजोबांनीच पाजला होता, हे नंतर निघालं. ते सकाळी बाळाला मांडीवर घेऊन बसतात, आणि ते दोघांच्याही आवडीचं असतं.

आमच्या ताई आता "तू काय दिलंस" असं विचारत नाहीत, "काय गेलं पोटात" असं विचारतात. कर्ताच गाळून टाकला. आणि दिवसा बाळ ज्याच्या हातात असतं त्यालाच विचारतात. आई धुणीभांड्याला गेली असेल तर आजी, मोठी बहीण, शेजारीण. ठाण्यात पाळणाघरांचाही मोठा भाग आहे, तिथे तर घरभेट पोचतच नाही. डब्यात काय दिलं ते आईला माहीत, डब्यातलं किती खाल्लं ते मावशींना माहीत. दोघींची गाठ संध्याकाळी दारात अर्धा मिनिट.

गुणपत्रिकेचा मुद्दा मात्र मला अजून नीट सुटलेला नाही.


आजी_कोपरखैरणे

मुलींनो, वाचते आहे सगळं. नातवाने लॉगिन करून दिलंय.

आम्ही गावठाणातली माणसं. उष्टावण झालं की घरात जे शिजलं ते मऊ करून पोराला. मऊ भात, त्यात जवळा निवडून, धुऊन, तव्यावर कोरडा भाजून, चुरून. एक चिमूट, जास्त नाही. बोंबलाच्या कालवणातला मधला काटा काढून. खाडीची मासळी मिळायची तेव्हा बोयाचा गर. नाचणीचं सत्त्व तर होतंच. कुठला गट माहीत नव्हता. आता माझी सून म्हणते मासे वर्षाच्या आत नकोत, ॲलर्जी होते. आणि तीच पोराला बिस्किटाचा पुडा धरून बसवते. मी गप्प बसते. भांडण नको.

घुटीबद्दल कोणी विचारू नका, त्यावरून घरात एकदा जेवणं बंद झाली होती.


लहानांची_ओपीडी

आजी, तुम्ही गप्प बसू नका. तुमचा जवळा बिस्किटाच्या पुड्यापेक्षा कितीतरी सरस आहे. फक्त सुकवलेल्या मासळीत मीठ असतं, म्हणून तुम्ही धुता तसंच दोन-तीन पाण्यातून धुवायचं. मासे, अंडं हे सहा महिने पूर्ण झाल्यावर देता येतात. मुद्दाम उशिरा दिल्याने ॲलर्जी टळते असं आता मानत नाहीत. पहिल्यांदा थोडंसं, दिवसाउजेडी, अंगावर पुरळ येतं का बघायचं. घरात कोणाला मोठी ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी विचारायचं.

घुटीवर मी बोलणारच. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, मग घुटी कुठून बसणार? आणि मध वर्षाच्या आत अजिबात नाही, बोटावर चाटवण्यापुरताही नाही. त्यातून बोटुलिझमचा धोका असतो. दुर्मीळ आहे, पण झाला तर बाळाचे स्नायू लुळे पडतात.

मी ठाण्यात लहान मुलांच्या ओपीडीत बसतो. रोज दिसणारी गोष्ट म्हणजे फिकट बाळं. एनएफएचएस-५ मध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) देशातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत रक्तक्षय ६७.१ टक्के निघाला, आधीच्या फेरीत ५८.६ होता. कारणं बरीच आहेत, त्यातली दोन स्वयंपाकघरातली. एक, चहा. त्यातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. दोन, वर्षाच्या आतच गाईम्हशीच्या दुधावर भर. पोट दुधाने टम्म, लोह नाही, भूक नाही, आणि आई सांगते "काही खातच नाही हो". दिवसाला दूध किती, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याचा अर्थच लागत नाही.

घरभेटीत एक गोष्ट बघायला फुकट आहे. चमचा वाटीत बुडवून तिरका करा. पेज पाण्यासारखी ओघळली तर ती पातळ. चमच्यावर बसून राहिली तर ठीक. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०. पोट मुठीएवढं. पातळ पेजेने ते भरतं, गरज भरत नाही. अर्धा चमचा तूप किंवा तेल घाला, झालं.

आणि लोहाचं सिरप: सहा महिन्यांपासून १ मिली, आठवड्यातून दोनदा, सरकारी केंद्रात मिळतं. बाटली आणली जाते. उघडली जाते का, ते विचारा.


बोळके_हसू

आमच्याकडे ती बाटली फ्रिजवर आहे. सीलबंद. शी काळी होते म्हणून दोनदा देऊन बंद केली होती ती आधीची, ही नवीन. आज उघडते.


लहानांची_ओपीडी

@बोळके_हसू काळी शी अपेक्षितच आहे, घाबरू नका. पण ही गोष्ट बाटली देतानाच सांगायला हवी होती. उपाशीपोटी देऊ नका, आणि चहा-दुधाच्या सोबत नको.


आकडेमोड

धागा आवडला, पण धागाकर्तीच्या मूळ मांडणीशी थोडा असहमत आहे.

पाच गटांचं माप हे लोकसमूहासाठी आहे. हजार बाळांना "काल काय खाल्लं" विचारलं तर त्या वस्तीचं चित्र बऱ्यापैकी खरं मिळतं. पण एका बाळाचा एक दिवस म्हणजे एक दिवसच. काल त्याला दात येत असतील, परवा पाहुणे असतील, संकष्टी असेल. एका दिवसावरून बाळावर "आहार अपुरा" असा शिक्का मारणं हे मापाचा गैरवापर आहे. सुनबाईंना गुणपत्रिका वाटली ती त्यामुळेच. हेच उद्या कोणी पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी ॲपमध्ये, लाल-पिवळ्या रंगात टाकलं तर संपलंच. ताई रंग हिरवा करायला शिकतील, बाळ आहे तिथेच राहील.

समूहाचं चित्र काय आहे? एनएफएचएस-५ (२०१९-२१) प्रमाणे देशात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी ११.३ टक्के. यात गटही आले आणि किती वेळा खाल्लं तेही. दुसरा आकडा मला जास्त टोचतो. ६ ते ८ महिन्यांच्या बाळांपैकी आईच्या दुधाबरोबर घन किंवा मऊ अन्न मिळणारी ४५.९ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त बाळांचं वरचं खाणं वेळेवर सुरूच झालेलं नाही. इथे वरणाचं पाणी घट्ट करायचा प्रश्नच येत नाही.

आता गटप्रवर्तक ताईंचं वेळापत्रक पुन्हा बघा. ३, ६, ९ महिने. सरकारी लसीकरणात चौदाव्या आठवड्यानंतर पुढची लस थेट नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाची. म्हणजे साडेतीन ते नऊ महिन्यांच्या मधल्या काळात बाळाने केंद्रावर यायचं ठरलेलं कारणच नाही. नेमक्या याच काळात अन्न सुरू व्हायचं असतं. सगळा भार त्या एका सहाव्या महिन्याच्या भेटीवर. ती पाचव्या महिन्यातच उरकली तर "अजून लवकर आहे" म्हणून सुटते, आणि सातव्याच्या शेवटी झाली तर गाडी निघून गेलेली.

मला विचाराल तर प्रश्न सुधारण्याआधी ती एक भेट तारखेला धरून बसवा.


गटप्रवर्तक_ताई

@आकडेमोड साहेब, हे तुम्ही बरोब्बर पकडलंत. सहावा महिना चुकतो. त्याचं कारणही सांगते. मुंबई-ठाण्याची सून बाळंतपणाला माहेरी जाते. साताऱ्याला, जळगावला, यूपीला. आमच्या यादीत नाव, बाळ तिकडे. तिकडच्या आशाच्या यादीत ते पाहुणं. परत येते तेव्हा बाळ चार-पाच महिन्यांचं असतं, घरात नवीन गडबड, आणि आमच्या रजिस्टरला "स्थलांतरित" लिहिलेलं.

ॲपचं म्हणाल तर रंगाचं तुम्ही लिहिलंत ते आधीच होतंय. अंगणवाडीच्या सेविकांनी २०२१ साली सरकारी मोबाइल परत केले होते, आठवत असेल. फोन चालत नव्हते, ॲपमध्ये मराठी नव्हतं. आता टीएचआरच्या (घरी न्यायच्या आहाराच्या) पाकिटांसाठी चेहऱ्याची ओळख आली. आई कामावर, चेहरा कोणाचा दाखवणार?


खाडीकाठ

स्थलांतराचा विषय निघालाच आहे तर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांचं लिहितो. मी तिथे मुलांना शिकवायला जातो.

दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची, शहापूर-मुरबाडची कुटुंबं भट्टीवर उतरतात, पावसाच्या तोंडावर परत. २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे जव्हार-मोखाड्याकडच्यांचं स्थलांतर आता जिल्हा ओलांडून होतं. गावात अंगणवाडी आहे, ताई ओळखतात, अमृत आहार योजनेत आईला गरम जेवण, मुलांना अंडी-केळी. भट्टीवर ओळखणारं कोणी नाही. आई पहाटे चिखल तुडवायला, बाळ साडीच्या झोळीत, झोका द्यायला सहा वर्षांची ताई. त्या पोरीला विचारलं की बाळाने काय खाल्लं, ती अचूक सांगते. "सकाळचा भात. पाणी घालून." दुपारी? "तोच."

कागदावर ॲपमध्ये नाव इकडून तिकडे हलवता येतं. पण हलवायला आधी कोणाला तरी कळायला हवं की माणसं हलली. भट्टीमालक कळवत नाही, मुकादम कळवत नाही. मी एकदा तिथल्या अंगणवाडीत जाऊन तान्ह्या बाळांची यादी दिली, तेव्हा सेविकाताईंनी पहिला प्रश्न केला, "भट्टी कोणाच्या हद्दीत येते?" त्यांचंही चूक नव्हतं, ओढ्याच्या अलीकडे एकीचं क्षेत्र, पलीकडे दुसरीचं. शेवटी दोघी मिळून आल्या.


मटकीची_उसळ

अंड्याचा उल्लेख तीनदा आला म्हणून विचारते. आम्ही शाकाहारी. दरवेळी अंडं-मासे सांगणं हा एका प्रकारचा प्रचार नाही का?


तिसरी_शिट्टी

झालं सुरू. :)


आजी_कोपरखैरणे

अगं बाई, नसेल खायचं तर मटकीला मोड आणून, मऊ शिजवून, चाळणीतून काढून घाल. नावातच आहे तुझ्या.


लहानांची_ओपीडी

आजींनी उत्तर दिलंच आहे. अंडं न खाणाऱ्या घरात डाळ-कडधान्य, दही, पालेभाजी रोज हवी आणि त्यावर लिंबू पिळायचं, लोह जास्त शोषलं जातं. लोहाच्या सिरपवर जास्त लक्ष ठेवायचं. आणि खाणाऱ्या घरात "आजच्या वारी नको" म्हणून बाळालाही उपास घडवायचा नाही. पुढे चला.


नाइटशिफ्ट

एक अपडेट. गटप्रवर्तक ताईंचं वाचून काल खालच्या सिक्युरिटीवाल्या दादांशी बोललो. पंपरूमच्या मागच्या खोलीत त्यांचं कुटुंब राहतं, मुलगा अकरा महिन्यांचा. ते नांदेडचे. अंगणवाडीत नाव नाही, कार्ड गावाकडच्या केंद्राचं. गेटवर "सर्व्हेवाल्यांना आत सोडू नका" ही सूचना सोसायटीनेच त्यांना दिलेली. म्हणजे आशाताई वस्ती संपवून आमच्या गेटपर्यंत आल्याही असतील, आणि त्यांना परत पाठवणारा माणूस याच बाळाचा बाप.

सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की टॉवरसाठी नाही तर निदान स्टाफच्या घरांसाठी गेट उघडा. सेक्रेटरी म्हणाले, "ओळखपत्र असेल तर हरकत नाही." गटप्रवर्तक ताई, असतं का?


गटप्रवर्तक_ताई

असतं दादा, गळ्यातच असतं. तुम्ही एक करा, सोसायटीच्या ऑफिसात तुमच्या भागाच्या आशाचं आणि अंगणवाडी सेविकेचं नाव लिहून लावा, गार्डच्या टेबलाशेजारी. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात विचारलं की मिळतं. पंपरूममागचं बाळ अकरा महिन्यांचं म्हणालात ना, बाराव्या महिन्याची भेट तोंडावर आहे. त्याच्या वडिलांना कार्ड हाताशी ठेवायला सांगा. नवव्या महिन्याची गोवर-रुबेला आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस झालाय का तेवढं कार्डावर बघून इथेच लिहा, बाकी आम्ही बघतो.


सुनबाई_वैतागली

मी वर बरंच फटकारलं, त्यातलं काही मागे घेत नाहीये. पण एक विचारायचं होतं. घरी येणारी बाई प्रश्न विचारून काही देते का? म्हणजे "भोपळा घाला" हे मलाही माहीत आहे. माझं बाळ भोपळा थुंकतं. त्यावर कोणाकडे काही आहे?


वाटीचमचा

आहे. पण आधी @आकडेमोड यांचं मान्य करून टाकते. आम्ही ताईंच्या वहीतली गटांची बेरीज काढून टाकली. आता त्या कालचा दिवस फक्त ऐकतात, आणि त्यातली एकच गोष्ट बदलायला सांगतात. दोन सांगितल्या की एकही होत नाही, हा त्यांचाच अनुभव. वरच्या क्लिपांच्या घरात एवढंच सांगितलं की पळी वरणाच्या तळाशी घालायची. चहाला हातच लावला नाही, कारण आजोबा समोर बसले होते. चहा पुढच्या खेपेला.

भोपळा थुंकण्याबद्दल: नवीन चव पहिल्यांदा थुंकणं म्हणजे नावड नव्हे. बऱ्याच बाळांना तीच चव आठ-दहा वेळा समोर यावी लागते. दोन चमचे, रोज नाही तर दिवसाआड, आधी भूक लागलेली असताना, आवडीच्या घासाच्या अगोदर. जबरदस्ती करायची नाही, नाक दाबून तर नाहीच. मोबाइल लावून गिळवायचं नाही, कारण मग तोंडात काय आलं ते बाळाला कळतच नाही. आणि मिठाशिवाय तुम्हाला मिळमिळीत लागेल, त्याला लागत नाही. जिऱ्याची फोडणी चालते.

किती द्यायचं हा प्रश्न हमखास येतो म्हणून लिहून ठेवते. सहाव्या महिन्यानंतर दोन-तीन चमच्यांनी सुरुवात, दिवसातून दोन-तीनदा. हळूहळू अर्धी वाटी, वाटी म्हणजे २५० मिलीची, लोणच्याची नव्हे. नऊ महिन्यांपासून अर्धी वाटी तीन-चारदा, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण. आजारी असताना अंगावरचं वाढवायचं, बरं झाल्यावर काही दिवस एक जेवण जास्त.


सुनबाई_वैतागली

दिवसाआड चालेल म्हणालात ते बरं झालं. मी रोज त्याच्यामागे वाटी घेऊन धावत होते. नवऱ्याला आजचा भोपळा दिलाय भरवायला.


आकडेमोड

"एकच गोष्ट बदलायची" हे आवडलं. त्याची नोंद करता का कुठे? पुढच्या खेपेला झालं की नाही हे कळायला आधी काय सांगितलं ते लिहिलेलं हवं. नाहीतर दरवेळी नव्याने वरणच सांगाल.


वाटीचमचा

कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेत, पेन्सिलने, एक ओळ. "वरण खालून." पुढच्या खेपेला ताई ते आधी वाचतात. अंगणवाडीच्या सेविकेलाही तेच कार्ड दिसतं, त्यामुळे दोघी दोन गोष्टी सांगत नाहीत. ॲपमध्ये याला रकाना नाही, आणि नसलेलाच बरा.


गटप्रवर्तक_ताई

पेन्सिल नको, पेन. कार्ड ओलं होतं, पोरं चोखतात. आणि तारीख घाला. मी माझ्या आशांच्या पुढच्या मासिक बैठकीत हे मांडते आहे, त्यासाठी दोन-तीन कार्डांच्या मागच्या बाजूचे फोटो मिळतील का? नावं झाकून पाठवा.